वस्तीतल्या मुलाला कॉलेजपर्यंत नेताना: आठवीपासून पहिल्या सेमिस्टरपर्यंत काय, कधी, कसं करायचं

दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी आमच्या अभ्यासिकेत पेढ्यांचे पुडे येतात. कोणाला बासष्ट टक्के, कोणाला अठ्ठ्याहत्तर, एखादीला नव्वदच्या वर. तीन वर्षांनी त्याच मुलांची यादी घेऊन बसलं की पोटात कालवतं. मार्क होते, तरी मुलं गळाली. एकाचा दाखला वेळेत आला नाही. एकीच्या अर्जाचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्याच्या फोनवर राहिला. एकाला बीबीएसाठी सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, द्यावी लागते हे बारावीच्या निकालानंतर कळलं.

ज्या घरात आई, काका, मावशी कोणीतरी कॉलेजला गेलेलं असतं, तिथे या गोष्टी जेवताजेवता कानावर पडतात. आमच्या घरांत त्या सांगणारं कोणी नसतं. तेवढं एक माणूस मिळालं तर मूल टिकतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याबद्दल मला शंका उरलेली नाही. हा लेख ते माणूस होऊ पाहणाऱ्यांसाठी आहे: मोठी बहीण, शेजारचा दादा, शिकवणीच्या ताई, मंडळाचे कार्यकर्ते. उदाहरणं मुंबईची आहेत, कारण मी इथेच वाढले, पण बराचसा भाग राज्यातल्या कोणत्याही शहराला लागू पडतो.

पहिली पायरी: आठवी-नववीतच कागद

मूल आठवीत असेल तर आधी एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं बघा. सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी ही परीक्षा आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ही रक्कम आईला दाखवता येते. "पोरगं शिकून घरात काही आणतंय" ही गोष्ट दहावीनंतरच्या वादात फार उपयोगी पडते.

मग कागद. या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा.

एका संध्याकाळी मुलाच्या घरी जा आणि सगळे कागद जमिनीवर पसरायला सांगा. बहुतेक घरांत ते खिळ्याला लटकवलेल्या कॅरीबॅगेत असतात आणि पावसाळ्यात पत्रा गळला की पहिली भिजते ती तीच पिशवी. आधारकार्ड, शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, रेशनकार्ड, जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकीकडे वडिलांचं नाव 'बाबुराव', दुसरीकडे 'बाबू'. एकीकडे आडनाव, दुसरीकडे नुसतंच वडिलांचं नाव. जन्मतारखेत एका वर्षाचा फरक. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत त्यातल्या त्यात सोपी असते. दहावीच्या बोर्डाचा अर्ज गेला की जे नाव तिथे छापलं जातं, ते पुढे आयुष्यभर सोबत येतं. म्हणून ही दुरुस्ती नववीत. आधारला मोबाइल नंबर कोणता जोडलाय तेही तेव्हाच विचारा. आमच्याकडे रिचार्ज संपलं की सिम बदलतात आणि ओटीपी जुन्या बंद नंबरावर जात राहतो. जो नंबर घरात कायम चालू राहणार, तोच जोडून घ्या.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाकडून मिळतो. मुंबई उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला ही तीन तहसील कार्यालयं आहेत. अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावर घरून करता येतो किंवा सेवा केंद्रात जाऊन. नाका कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले यांच्याकडे पगाराची स्लिप नसते. तिथे स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल लागतो. दाखल्याची मुदत साधारण ३१ मार्चला संपते, त्यामुळे तो एप्रिल-मे मध्ये काढलेला बरा, जूनच्या रांगेत नाही. अर्जाची पावती जपून ठेवा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे, आणि ती टळली तर अपील करता येतं. खिडकीवर हे शांतपणे बोलून दाखवलं तरी काम हलतं. शैक्षणिक कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. बाहेर टेबल लावून बसलेला माणूस स्टॅम्पपेपर हवाच म्हणाला तरी विकत घेऊ नका.

जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी: गावाकडचं काम

हे मी वेगळं लिहिते, कारण माझं एक वर्ष यात गेलं.

बारावीनंतर मला राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत होता. व्हॅलिडिटी, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, माझ्याकडे नव्हती. व्हॅलिडिटीसाठी जातीचा दाखला हवा, तो नव्हता. दाखल्यासाठी आजोबांचा शाळेचा पुरावा मागितला. माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. खिडकीसमोर उभं राहून माझे वडील तेच तेच सांगत होते, "साहेब, म्हातारं शाळेत गेलंच नाय तर कागद कुठनं आणू?" शेवटी गावाच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, ज्याला गावाकडे कोतवाल बुक म्हणतात, त्यात आजोबांच्या भावाच्या जन्माची नोंद सापडली. तोवर प्रवेश संपले होते.

तुमच्या मुलाचं असं होऊ नये म्हणून हे आधीच समजून घ्या. पुरावा ठरलेल्या तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी कुटुंब जिथे राहत होतं, त्या भागाच्या प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयातून दाखला निघतो. म्हणजे वडील जालन्याहून १९८० नंतर मुंबईत आले असतील तर काम जालन्यालाच होणार. मे महिन्यात घरचे लग्नाला किंवा जत्रेला गावी जातात तेव्हाच हे काम त्यांच्या हातात द्या, कागदावर लिहून: आजोबा किंवा त्यांच्या भावाच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल, जमीन असल्यास जुना फेरफार किंवा खरेदीखत. आणि सगळ्यात आधी हा प्रश्न विचारा: वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाकडे व्हॅलिडिटी आहे का? काका, आत्या, चुलत भाऊ कोणीही. असेल तर त्याची प्रत मिळवा, निम्मं काम सोपं होतं. आईकडचं नातं यात धरत नाहीत.

व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करायचा असतो. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग अशा अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी ती लागते. साध्या बीए-बीकॉमला प्रवेश घेताना सहसा अडत नाही, पण मुलाचा विचार पुढे बदलू शकतो, त्यामुळे काढून ठेवा. ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती-भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलांना नॉन-क्रिमिलेअर दाखलाही हवा, म्हणजे घर प्रगत गटात मोडत नाही असा दाखला. त्याची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे आणि त्याचीही मुदत ३१ मार्चला संपते, तारीख बघून ठेवा. अनुसूचित जाती-जमातींना तो लागत नाही. तरी कोणीतरी त्यांच्याकडूनही पैसे घेऊन काढून देतो, हे मी पाहिलंय.

दुसरी पायरी: दहावीनंतर कुठली वाट

आमच्याकडे टक्के चांगले आले की सगळे म्हणतात, सायन्स. चाळीतले म्हणतात, शाळेतले म्हणतात, मूलही म्हणतं. त्याआधी खर्चाचं सरळ बोला. विज्ञान शाखेत प्रवेश स्वस्तात होतो, पण पुढे क्लासची फी, सीईटीची पुस्तकं आणि मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत येणारं भौतिकशास्त्र, हे सगळं एकत्र अंगावर येतं. झेपेल, पण तयारीनिशी. नुसते टक्के आहेत म्हणून नको.

ज्या घराला लवकर कमावता हात हवा आहे पण मुलाला पुढेही शिकायचंय, तिथे मी पॉलिटेक्निक सुचवते. तीन वर्षांचा डिप्लोमा, प्रवेश दहावीच्या गुणांवर तंत्रशिक्षण संचालनालयाकडून, सरकारी संस्थेत फी कमी, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नोकरी आणि पदवी दोन्ही दारं उघडी राहतात. याचे अर्ज अकरावीच्या अर्जांसोबतच सुरू असतात, दोन्ही भरा. आयटीआयचाही भरून ठेवा.

दहावीत राहिलेल्या मुलाला सोडू नका. बोर्डाची पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. ज्यांनी शाळाच सोडली त्यांच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, तो भरून बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला बसता येतं.

तिसरी पायरी: अकरावीचा अर्ज

अकरावीचे प्रवेश आधी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नागपूर, नाशिक, अमरावती इथेच ऑनलाइन होते. २०२५-२६ पासून ते सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात माहिती आणि आरक्षण, दुसऱ्यात कॉलेजांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा.

अर्ज भरताना मोबाइल नंबर आणि पासवर्ड मुलाचाच हवा. घाई असली की सायबरवाला स्वतःचा नंबर टाकतो आणि मग यादी लागल्याचा संदेश त्यालाच येतो. त्याचं त्यात काही जात नाही. तुमच्या मुलाचं वर्ष जातं. पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्या पानाचा फोटो तुमच्याकडेही ठेवा.

पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर ऐकीव, नावाजलेलं कॉलेज टाकू नका. जिथे रोज जाणं जमेल, परवडेल आणि खरंच जायचंय, ते टाका. गेल्या वर्षीचे कटऑफ संकेतस्थळावर असतात. मुलाचे गुण, त्याचा प्रवर्ग आणि कटऑफ तिन्ही एका कागदावर मांडून बसा. दहाच्या दहा जागा भरा आणि शेवटच्या दोन-तीन नक्की मिळतील अशाच ठेवा.

यादीतली एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. एकाच कॉलेजच्या अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या वेगवेगळ्या दिसतात. इमारत तीच, नाव तेच, पण फीमध्ये हजारोंचा फरक. रोजंदारीवर चालणाऱ्या घराने अनुदानित तुकडीच आधी टाकावी.

आणि पुढचं बघून ठरवा. ज्या कनिष्ठ महाविद्यालयाला पदवी महाविद्यालय जोडलेलं आहे, तिथे बारावी केलेल्या मुलांना पदवीच्या प्रवेशात आधी घेतात, त्याला इनहाउस म्हणतात. दोन वर्षांनंतरची एक मोठी लढाई इथेच टळते. अल्पसंख्याक कोट्यात बसणाऱ्या मुलांनी तोही तपासावा. मुंबईत भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याक संस्था भरपूर आहेत.

चौथी पायरी: बारावीचं वर्ष आणि सीईटी

अभ्यासिकेच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा आणि डिसेंबरपासून दर रविवारी या परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलचं संकेतस्थळ उघडून तारखा त्यावर लिहा. इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या सीईटीबद्दल सगळ्यांना माहीत असतं. बाकीच्या परीक्षांमुळे आमची मुलं फसतात. २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए यांनाही सीईटी आहे. बीएस्सी नर्सिंगला आहे, पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला आहे. वस्तीतल्या कितीतरी मुलींना नर्सिंगला जायचं असतं आणि निकालानंतर त्या माहिती काढायला निघतात. तोवर नोंदणी बंद झालेली असते.

काही कॉलेजांनी बीएमएससारखाच अभ्यासक्रम बीकॉमच्या वेगळ्या नावाने ठेवलाय, त्याला सीईटी लागत नाही. कॉलेजात जाऊन विचारा.

पाचवी पायरी: निकाल ते फी, ते दोन-तीन आठवडे

बारावीचा निकाल मे मध्ये लागतो. मुंबई विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षासाठी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते, मग प्रत्येक कॉलेजचा वेगळा अर्ज. नुसती विद्यापीठाची नोंदणी करून "ॲडमिशनचा फॉर्म भरला" असं समजणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. किमान चार कॉलेजांचे अर्ज भरा. एकामागून एक गुणवत्ता याद्या लागतात आणि प्रत्येक यादीनंतर फी भरायला जेमतेम दोन-चार दिवस असतात.

त्या दिवसांत रोख लागते. शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल. आम्ही वस्तीत एक छोटा निधी ठेवलाय, जुनी मुलं नोकरीला लागली की त्यात टाकतात, आणि तो फक्त याच तीन आठवड्यांसाठी बिनव्याजी वापरायचा. तसं जमत नसेल तर प्राचार्यांच्या नावे हप्त्यांसाठी अर्ज लिहा, उत्पन्नाचा दाखला जोडा आणि मुलासोबत स्वतः जा. मूल एकटं गेलं की क्लार्कच्या टेबलावरूनच परत येतं.

शाळा-कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला जमा करण्याआधी त्याच्या रंगीत प्रती काढून ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये मिळतात, खातं उघडून घ्या.

घरची परिस्थिती अशी असेल की दिवसा काम करावंच लागणार, तर शिक्षण थांबवायची गरज नाही. मुंबईत सकाळची आणि रात्रीची महाविद्यालयं आहेत. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले होते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तरीही, जिथे शक्य आहे तिथे मी नेहमीच्या कॉलेजसाठीच हट्ट धरते. वर्गात बसण्यातून, मैत्रीतून, ग्रंथालयातून जे मिळतं ते घरी पोचलेल्या पुस्तकांतून मिळत नाही.

सहावी पायरी: पैसे

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर आहेत. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. खुल्या गटासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, मर्यादा ८ लाख. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हे मिळत नाही. एजंटला पैसे देऊन सीट घेणाऱ्या घरांना हे आधी सांगा.

बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे पहिल्या वीस टक्के मुलांत, असलेल्या आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या मुलांना केंद्राकडून पदवीच्या वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये मिळू शकतात, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. मात्र दोन शिष्यवृत्त्या एकत्र घेता येत नाहीत, जास्त फायद्याची कोणती ते बघून एकच भरा.

मूल दुसऱ्या शहरात शिकायला गेलं आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. स्वतःच्याच शहरात शिकणाऱ्याला ती लागू नाही. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना.

आता जिथे पैसे अडकतात ते ऐका. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. मुलाची तीन खाती असली तरी आधार एकालाच जोडलेलं असतं, आणि ते बऱ्याचदा पाचवीत उघडलेलं, वापर नसल्याने बंद पडलेलं असतं. जूनमध्ये बँकेत जाऊन हे एकदा तपासा. दुसरं म्हणजे, खात्यात आलेल्या रकमेत फीचा भाग असतो, तो कॉलेजला भरायचा असतो. घरात आजारपण असलं की तो औषधात जातो आणि मग हॉलतिकीट अडतं. यात दोष कोणालाच देऊ नका. पैसे आले त्याच दिवशी मुलासोबत कॉलेजात जा. तिसरं, अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो. पहिल्या वर्षी सगळे भरतात, दुसऱ्या वर्षी निम्मे विसरतात.

सातवी पायरी: पहिलं सेमिस्टर

प्रवेश झाला की लोक निघून जातात. मूल खरं याच काळात एकटं पडतं.

पहिल्या आठवड्यात एकदा आई-वडिलांना कॉलेज दाखवा. एका मुलीचे वडील सिक्युरिटीत होते. आम्ही गेलो तेव्हा ते गेटच्या आत यायलाच तयार नव्हते, बाहेरच्या वॉचमनशेजारी उभे राहिले. त्या वॉचमननेच त्यांना म्हटलं, "दादा, पोरगी तुमची आहे ना, मग जा की आत." ते ग्रंथालयापर्यंत आले. एका टेबलावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. पुढे लग्नाचं स्थळ आलं तेव्हा घरात त्यांनीच सांगितलं, परीक्षा झाल्याशिवाय बोलायचं नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी पहिले दोन महिने संध्याकाळी तासभर बसा. नवीन काही शिकवायचं नाही. त्या दिवशीचं लेक्चर त्याने मराठीत सांगायचं, मग त्यातले दहा इंग्रजी शब्द वहीत लिहायचे. सप्टेंबरपर्यंत वर्गातली भीती बरीच उतरते. त्याच अभ्यासक्रमाला आधीच्या वर्षी गेलेलं वस्तीतलंच मूल सापडलं तर त्याच्याशी गाठ घालून द्या. नोट्स मिळतात, पुस्तकं मिळतात, आणि कुठल्या सरांना काय विचारायचं तेही कळतं.

हजेरी ७५ टक्के लागते, हे आणि रेल्वेच्या सवलतीच्या पासचा फॉर्म कॉलेजमधून कसा घ्यायचा, हे दोन्ही पहिल्याच आठवड्यात समजावून सांगा. संध्याकाळी डिलिव्हरीचं काम धरणाऱ्या मुलांशी तासांचं स्पष्ट बोला: रात्री अकराच्या पुढे नाही, परीक्षेच्या महिन्यात नाही.

आणि एटीकेटी, म्हणजे काही विषय राहिले तरी पुढे जाता येण्याची सोय. आमच्या घरांत 'नापास' हा एकच शब्द माहीत असतो. पहिल्या सेमिस्टरला एक-दोन विषय राहिले की मूल घरी सांगत नाही, लाजेने कॉलेजला जाणं बंद करतं आणि मार्चमध्ये कळतं की ते एका गोडाऊनमध्ये कामाला लागलंय. म्हणून निकालाच्या आधीच सांगून ठेवा की विषय राहिला तरी पुढच्या सेमिस्टरला बसता येतं, फक्त राहिलेल्या विषयाचा फॉर्म वेळेत भरायचा असतो. निकालाच्या दिवशी फोन करा, आणि त्याने उचलला नाही तर संध्याकाळी घरी जा. फॉर्मची नोटीस कॉलेजच्या बोर्डावर थोडेच दिवस असते. तिचा फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा, शेवटची तारीख भिंतीवरच्या कागदावर लिहा आणि फी भरल्याची पावती त्याच फाइलमध्ये ठेवा.